डॅक घ्यायचाय? आधी साखळीतला कच्चा दुवा शोधा

(आजच्या भागातल्या बोलण्याचं हे लेखी रूप. ऐकायला वेळ नसेल त्यांच्यासाठी, आणि आकडे पुन्हा बघायचे असतील त्यांच्यासाठीही.)



आजचा विषय खिशाशी थेट संबंध असलेला आहे. हेडफोनवर गाणी ऐकायला मध्यम किमतीचा डॅक घ्यायचा तर कुठला घ्यायचा? मध्यम म्हणजे साधारण तीन हजार ते दहा हजार रुपये. डहाणू-तलासरी पट्ट्यातली बरीच पोरं-पोरी उंबरगाव, वापीच्या कंपन्यांमध्ये कामाला जातात, काहीजण डहाणू रोडहून लोकल धरून विरार, बोरिवली, पार चर्चगेटपर्यंत जातात. रोजचे दोन-चार तास कानात हेडफोन असतो. हातात पगार येऊ लागला की पहिली गोष्ट मनात येते ती म्हणजे 'आवाज चांगला करूया'. मग यूट्यूबवर कुणीतरी सांगतं, डॅक लावा, पडदा बाजूला सरकल्यासारखं वाटेल.

आठ हजार रुपये ही काही चिल्लर नव्हे. म्हणून आज आपण नीट हिशोब लावू. माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो: डॅक ही साखळीतली अशी कडी आहे जी आज स्वस्तातही चांगली मिळते. त्यामुळे पैसे तिथे सर्वांत शेवटी टाकायचे. का, ते आता बघू.

डॅक म्हणजे नक्की काय

डॅक म्हणजे डिजिटल टू अ‍ॅनालॉग कन्व्हर्टर. फोनमधलं गाणं म्हणजे आकड्यांची रांग. हेडफोनला आकडे कळत नाहीत, त्याला विजेची वरखाली होणारी लाट लागते. आकड्यांची लाट करून देतो तो डॅक. एवढंच त्याचं काम.

१९८२ साली सीडी बाजारात आली तेव्हा ठरलेलं माप आजही चालतं: सेकंदाला ४४,१०० आकडे, प्रत्येक आकडा १६ बिटचा, डावीकडचे वेगळे आणि उजवीकडचे वेगळे. माणसाच्या कानाला जास्तीत जास्त २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, तेही लहान वयात. एखादी लाट पकडायला तिच्या दुपटीहून थोडे जास्त आकडे लागतात, हा गणिताचा नियम आहे. म्हणून ४४,१०० पुरतात.

इथे एक गैरसमज काढून टाकू. जाहिरातीत चित्र दाखवतात: डिजिटल आवाज म्हणजे जिन्यासारख्या पायऱ्या, आणि महागडा डॅक त्या पायऱ्या गुळगुळीत करतो. असं काही नसतं. डॅकमधल्या फिल्टरमधून बाहेर पडणारी लाट सलगच असते. हजार रुपयांच्या डॅकमधूनही सलग, आणि लाखाच्या डॅकमधूनही सलग.

आणि १६ बिट म्हणजे काय? सर्वांत मोठा आवाज आणि सर्वांत बारीक आवाज यांच्यातलं अंतर. १६ बिटमध्ये ते साधारण ९६ डेसिबल मिळतं. पावसाळ्यात पत्र्याच्या छपराखाली बसून ऐकणाऱ्याला याच्या अर्ध्याचाही उपयोग होत नाही.

तुमच्याकडे डॅक आधीपासूनच आहे

हा मुद्दा विकणारे सांगत नाहीत. फोनला गोल ३.५ मिलिमीटरचं हेडफोन जॅक असेल तर डॅक फोनच्या आत आहे. जॅक नसेल आणि तुम्ही टाइप-सीचं छोटं डोंगल लावत असाल तर बहुतेक वेळा डॅक त्या डोंगलमध्ये आहे. हो, ती नखाएवढी गोष्ट म्हणजे अख्खा डॅक आणि अ‍ॅम्प्लिफायर. काही फोन मात्र टाइप-सीमधून थेट अ‍ॅनालॉग लाट बाहेर सोडतात. तिथलं डोंगल म्हणजे नुसती वायर. ती वायर दुसऱ्या फोनला लावली की चालत नाही. दुकानात डोंगल घेताना 'यात डॅक आहे का' एवढं विचारा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: तुम्ही ब्लूटूथचे इअरबड वापरत असाल तर डॅक त्या बडमध्ये आहे. फोनमधून बडपर्यंत आकडेच जातात. तुम्ही फोनला वीस हजारांचा डॅक लावला तरी बडच्या आवाजात काडीचा फरक पडणार नाही. ज्यांच्याकडे फक्त बड आहेत आणि वायरचा हेडफोन घ्यायचा विचारही नाही, त्यांना आजच्या भागातून मिळालेला फायदा म्हणजे आठ हजार रुपये वाचले.

साखळी कशी असते

आवाज तुमच्या कानापर्यंत येतो तो एका साखळीतून. रेकॉर्डिंग, मग फाइल, मग अ‍ॅप, मग डॅक, मग अ‍ॅम्प्लिफायर, मग हेडफोन, मग आजूबाजूचा गोंगाट, आणि शेवटी तुमचा कान. साखळीची ताकद तिच्या सगळ्यात कच्च्या कडीएवढी. बाकीच्या कड्या सोन्याच्या केल्या तरी फरक नाही.

आता आपल्या भागातलंच उदाहरण घेऊ: तारपा. वारल्यांचं वाद्य. वाळवलेला भोपळा, बांबूच्या दोन नळ्या आणि पुढे ताडाच्या पानांचा कर्णा. वाजवणारा श्वास तुटू न देता वाजवत राहतो, नाचणारे हात गुंफून त्याच्याभोवती फेर धरतात आणि सूर बदलला की पावलंही बदलतात. वारली चित्रातला तो गोल फेर सगळ्या जगाने पाहिलाय. डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा मशे यांना चित्रकलेसाठी २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. आणि आपल्याच जिल्ह्यातल्या जव्हार तालुक्यातले तारपावादक भिकल्या लाडक्या धिंडा यांना २०२६ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. म्हणजे चित्राला मान मिळाला, आणि आता त्या चित्राच्या मधोमध उभ्या असलेल्या वाद्यालाही.

तर, तुमच्या फोनमध्ये तारप्याची क्लिप असेल तर ती आत्ता काढा. ती कशी आली असेल? लग्नात किंवा नाचाच्या वेळी कुणीतरी फोनवर व्हिडिओ केला, गर्दीतून, दहा-पंधरा फुटांवरून. फोनने आवाज आपोआप वरखाली केला, म्हणजे तारपा जोरात आला की दाबला, थांबला की गोंगाट वर आणला. मग तो व्हिडिओ व्हॉट्सअ‍ॅपवर गेला, तिथे आणखी चेपला गेला. मग चार ग्रुपमधून फिरून तुमच्याकडे आला.

आता त्या क्लिपला आठ हजारांचा डॅक लावा. काय ऐकू येईल? तोच चेपलेला आवाज. दोन नळ्या वेगवेगळ्या ऐकू येणार नाहीत, श्वासाची फुंकर येणार नाही, कारण त्या फाइलमध्ये नाहीतच. डॅक आकड्यांची लाट करतो, हरवलेले आकडे परत आणत नाही. इथे कच्ची कडी रेकॉर्डिंगची आहे.

दुसरं उदाहरण. लोकलमध्ये बसून स्ट्रीमिंग अ‍ॅपवर गाणं ऐकताय. अ‍ॅपमध्ये क्वालिटी 'ऑटो'वर आहे. पालघर सोडलं, नेटवर्क पडलं, अ‍ॅपने गुपचूप हलकी फाइल लावली. इथे कच्ची कडी अ‍ॅपच्या सेटिंगची आहे, आणि ती फुकट दुरुस्त होते. घरी वायफाय किंवा चांगलं नेटवर्क असताना गाणी 'हाय' क्वालिटीत डाउनलोड करून ठेवा. एक तासाचं २५६ केबीपीएसचं संगीत साधारण ११५ एमबी होतं. सीडीच्या दर्जाचं, म्हणजे काहीही न चेपलेलं, एक तासाला ६३५ एमबी, आणि लॉसलेस पद्धतीने बांधलं की त्याच्या अर्ध्याच्या आसपास. रोजच्या दीड जीबीच्या पॅकमध्ये काय परवडतं ते तुम्हीच ठरवा.

तिसरं उदाहरण हेडफोनचं. एकाच किमतीच्या दोन हेडफोनमध्ये एखाद्या पट्टीत पाच-दहा डेसिबलचा फरक सहज असतो. एकाचा ढोल घुमतो, दुसऱ्याचा टकटक वाजतो. दोन बऱ्या डॅकमधला फरक डेसिबलच्या काही दशांशात असतो. म्हणून हजाराचा हेडफोन आणि आठ हजारांचा डॅक ही जोडी म्हणजे टायर गुळगुळीत झालेल्या गाडीला महागडा हॉर्न.

मग डॅक घ्यावा कधी?

घ्यावा. चार कारणं खरी आहेत.

एक, फोनला जॅकच नाही आणि तुमच्याकडे वायरचा चांगला हेडफोन आहे. २०१६ मध्ये आयफोन ७ने जॅक काढून टाकलं, मग बाकीच्या कंपन्यांनीही तोच रस्ता धरला. अशा वेळी डोंगल लागणारच.

दोन, आहे त्या जॅकमधून खरखर येते. गाणं थांबवल्यावरही 'स्स्स' ऐकू येतं, किंवा चार्जर लावला की गुणगुण सुरू होते.

तीन, आवाज पुरत नाही. फोन शंभर टक्क्यांवर आहे आणि शांत खोलीतही हेडफोन हळू वाटतो.

चार, तुमचा हेडफोन वीज जास्त मागणारा आहे. याचा हिशोब करता येतो, आता तोच करू.

हिशोब, अंदाजपंचे नाही

हेडफोनच्या खोक्यावर दोन आकडे असतात. एक ओहम, म्हणजे रोध. दुसरा संवेदनशीलता, म्हणजे एक मिलीवॉट वीज दिली तर किती डेसिबल आवाज निघेल. गाण्यातल्या अगदी जोरकस क्षणालाही ११० डेसिबल गाठता आले म्हणजे भरपूर झालं. एवढा आवाज सलग ऐकायचा नसतो, ती फक्त शिल्लक ताकद असते.

३२ ओहम आणि मिलीवॉटला १०० डेसिबल असा साधा हेडफोन घ्या. ११० डेसिबलला लागतात १० मिलीवॉट, म्हणजे ०.५७ व्होल्ट. एक व्होल्ट देणारं साधं डोंगल हे आरामात करतं.

आता ३०० ओहमचा, तेवढ्याच संवेदनशीलतेचा स्टुडिओवाला हेडफोन. १० मिलीवॉटच लागतात, पण व्होल्ट लागतात १.७३. एक व्होल्टचं डोंगल इथे १०५ डेसिबलपर्यंत पोचतं, म्हणजे चालतं, पण दमतं. दोन व्होल्टवालं डोंगल आरामात करतं.

तिसरा, प्लॅनर जातीचा हेडफोन: २० ओहम, मिलीवॉटला ९० डेसिबल. इथे १०० मिलीवॉट लागतात. म्हणजे १.४१ व्होल्ट आणि ७० मिलीअँपिअर करंट. हा खरा खादाड. इथे ताकदीचं डोंगल घ्यायला कारण आहे.

एक सापळा लक्षात ठेवा. काही कंपन्या संवेदनशीलता मिलीवॉटला सांगतात, काही व्होल्टला. ३२ ओहमच्या हेडफोनला 'मिलीवॉटला १००' आणि 'व्होल्टला ११५' या दोन्ही गोष्टी जवळपास एकच. ११५ बघून भुलू नका, एकक बघा.

आपल्याकडे बहुतेक जण जे वायरचे इन-इअर वापरतात ते १६ ते ३२ ओहमचे आणि १०० डेसिबलच्या वरचे असतात. त्यांना ताकदीचा प्रश्नच नाही.

खोक्यावरचं काय वाचायचं

वाचायच्या गोष्टी पाच.

पहिली, किती व्होल्ट किंवा ३२ ओहमला किती मिलीवॉट देतो. वरचा हिशोब लावा.

दुसरी, आउटपुट इम्पिडन्स. हा आकडा हेडफोनच्या ओहमच्या आठव्या भागाहून कमी हवा. १६ ओहमच्या इन-इअरला दोनपेक्षा कमी. जास्त असला तर काही इन-इअरचा सूरच बदलतो.

तिसरी, नॉइज आणि डिस्टॉर्शनचा आकडा. १०० डेसिबलच्या आसपास असला की झालं. १०० डेसिबल म्हणजे नको असलेला आवाज मूळ आवाजाच्या एक लाखाव्या भागाएवढा. त्यापुढे ११०, १२० हे आकडे मोजायच्या यंत्राला कळतात.

चौथी, आवाजाची बटणं डोंगलवर आहेत का. असली तर सोय होते, कशी ते पुढे सांगतो.

पाचवी, बॅटरी. डोंगल फोनची वीज खातं. जास्त ताकदीचं जास्त खातं. सकाळी सहाला घर सोडून रात्री नऊला परतणाऱ्याने हे आधी बघावं.

आणि वाचून सोडून द्यायच्या गोष्टी: ३२ बिट, ७६८ किलोहर्ट्झ, डीएसडी ५१२, सोन्याचा मुलामा, चिपचं नाव. चिप चांगलीच असते, आजकाल वाईट चिप शोधावी लागते. त्या चिपभोवतीची मांडणी कशी केलीय त्यावर आवाज ठरतो, आणि ते मोजमापात दिसतं, नावात नाही.

किमतीच्या पायऱ्या

पहिली पायरी, हजाराच्या आसपास. अ‍ॅपलचं टाइप-सी ते ३.५चं छोटं डोंगल याच पायरीवरचं. स्वतंत्रपणे मोजणाऱ्यांनी त्याचे चांगले आकडे नोंदवलेत. पण अडचण अशी की बऱ्याच अँड्रॉइड फोनवर त्याचा आवाज कमी येतो, कारण फोन आणि डोंगल यांचं आवाजाच्या पातळीवर जमत नाही. आयफोन १५ आणि त्यापुढच्यांना उत्तम. अँड्रॉइडवाल्यांनी घेण्याआधी मित्राचं लावून बघावं.

दुसरी पायरी, तीन-चार हजार. फिओ केए११ सारखी डोंगलं. कंपनी ३२ ओहमला २०० मिलीवॉट सांगते. आपण केलेल्या हिशोबातल्या तिन्ही हेडफोनना हे पुरतं. माझ्या मते वायरचा हेडफोन वापरणाऱ्या बहुतेकांची पायरी इथे संपते.

तिसरी पायरी, पाच ते दहा हजार. मूनड्रॉप डॉन प्रो, फिओ केए१३ वगैरे. यांना ३.५चं नेहमीचं आणि ४.४चं 'बॅलन्स्ड' अशी दोन भोकं असतात. बॅलन्स्डचा फायदा म्हणजे जास्त ताकद. हेडफोनची वायरही ४.४ची लागते, तिचे पैसे वेगळे. तुमचा हेडफोन खादाड असेल तर ही पायरी चढा. नसेल तर त्याच पैशांत हेडफोन वरचा घ्या.

चौथी पायरी टेबलावर ठेवायचे डॅक, फिओ के७ सारखे, वीस हजारांच्या घरातले. आवाज छान, ताकद भरपूर, पण भिंतीतली वीज लागते. जून-जुलैत वादळी पावसात आपल्याकडे तासन्‌तास लाइट जाते तेव्हा ते शोभेची वस्तू. फोनवर चालणारं डोंगल अंधारातही वाजतं.

आणि एक गोष्ट फक्त किनारपट्टीच्या लोकांसाठी. डहाणू, चिंचणी, बोर्डी, घोलवडची हवा खारी आणि दमट. जॅकच्या पिना काळ्या पडतात आणि मग एका कानात आवाज यायचा बंद होतो. दर वेळी डॅक बिघडलेला नसतो. कोरड्या कापडाने पिन पुसा, डोंगल छोट्या डबीत सिलिका जेलच्या पुडीसोबत ठेवा. बुटाच्या खोक्यात येते तीच पुडी.

घेतल्यावर आणि घेण्याआधी

अँड्रॉइडचा एक गुण माहीत असू द्या. बहुतेक फोन सगळे आवाज एकत्र कालवून ४८ किलोहर्ट्झला बदलून मगच बाहेर पाठवतात. अँड्रॉइड १४ पासून आकडे जसेच्या तसे यूएसबीवर पाठवायची सोय आली, पण ती वापरणारं अ‍ॅप लागतं. याने फरक पडतो का? कागदावर पडतो, कानाला फारसा नाही. यावर झोप उडवून घेऊ नका.

आवाजाची पातळी मात्र नीट लावा. डोंगलवर बटणं असतील तर फोनचा आवाज वरच्या टोकाजवळ ठेवा आणि रोजचा आवाज डोंगलवरून कमी-जास्त करा. हेडफोन कानात घालण्याआधी डोंगलचा आवाज खाली आणायला विसरू नका.

आता चाचणी. डॅक ऑनलाइन घेणार असाल तर परत करायची मुदत बघूनच घ्या आणि त्या मुदतीत ही चाचणी करा. कानाची एक सवय आहे: किंचित मोठा आवाज त्याला 'चांगला' वाटतो. नवीन डॅक थोडा जोरात वाजतो आणि आपण म्हणतो, व्वा! म्हणून आधी दोन्हींचा आवाज सारखा करायचा. आयटीआयला इलेक्ट्रिशियनचा कोर्स करणारा मित्र असेल किंवा ओळखीचं मोबाइल रिपेअरचं दुकान असेल तर तिथे मल्टिमीटर असतो. फोनवर टोन जनरेटर अ‍ॅप घ्या, १०० हर्ट्झचा सूर लावा, मीटर एसी व्होल्टवर ठेवा आणि हेडफोन लावलेला असताना दोन्ही डॅकचे व्होल्ट सारखे येईपर्यंत आवाज जुळवा. मीटर नसेल तर मग कानाने जितकं जमेल तितकं जुळवा, पण निकालावर त्या मानाने विश्वास ठेवा.

मग मित्राला सांगा, मला न दाखवता बदल. एकच गाणं, एकच तुकडा, वीस-तीस सेकंद. दहा वेळा ऐका आणि कुठला डॅक आहे ते ओळखा. दहापैकी नऊ-दहा बरोबर आले तर तुम्हाला फरक खरंच ऐकू येतोय, घ्या खुशाल. पाच-सहा आले तर नाणं उडवूनही तेवढे आले असते. डॅक परत पाठवा आणि पैसे घरात ठेवा.

गाडीत ऐकणाऱ्यांसाठी

२०१३ मध्ये मुंबईची लोकल डहाणू रोडपर्यंत आली आणि चर्चगेटपर्यंतच्या सव्वाशे किलोमीटरच्या आसपासच्या प्रवासात ऐकायला वेळच वेळ मिळाला. पण गाडीत सगळ्यात कच्ची कडी म्हणजे गोंगाट. खडखडाट, फेरीवाले, भजनी मंडळ, पंखे. या गोंगाटावर मात करायला आपण आवाज वाढवतो, आणि मग बिघडतो तो साखळीतला एकमेव भाग जो बाजारात मिळत नाही: कान.

जागतिक आरोग्य संघटना सांगते, ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत चालेल. ९० डेसिबल असेल तर फक्त चार तास. म्हणजे जरासा वाढवलेला आवाज दहापट वेळ खातो. रोज चार तास प्रवास करणाऱ्याचा ९० डेसिबलचा आठवड्याचा कोटा सोमवारी रात्री घरी पोचेपर्यंत संपतो. कानातली झालेली हानी परत भरून येत नाही.

उपाय साधा आणि स्वस्त. कानात घट्ट बसणारा इन-इअर घ्या आणि रबराच्या टोप्या बदलून आपल्या मापाची शोधा. शे-दोनशे रुपयांच्या टोप्यांनी बाहेरचा गोंगाट इतका कमी होतो की आवाज दोन-तीन घरं खाली आणता येतो. ढोलही भरीव लागतो, कारण फटीतून खालचे सूर गळत नाहीत. फक्त फाटक ओलांडताना, फलाटावर आणि हायवेच्या कडेने चालताना एक कान मोकळा ठेवा.

उरलेल्या पैशांचं काय

समजा आठ हजार बाजूला काढले होते. तीन हजारांचं डोंगल, तीन हजारांचा चांगला इन-इअर. दोन हजार उरले. त्याचं काय करायचं यावर माझं एक मागणं आहे.

डॅकचा उलटा भाऊ असतो, एडीसी. हवेतल्या आवाजाचे आकडे करणारा. तो तुमच्या फोनच्या माइकमागे बसलाय. आणि इथे झालेलं नुकसान पुढे कुणालाच भरून काढता येत नाही, हे आपण तारप्याच्या क्लिपमध्ये पाहिलं. दोन हजारांत टाइप-सीला लागणारा साधा बाहेरचा माइक आणि त्याची वाऱ्यासाठीची फरची टोपी येते. माइक नाही घेतला, नुसता फोन असला, तरी चालेल.

तुमच्या पाड्यावर तारपा वाजवणारे कुणी आजोबा असतील, घांगळी वाजवणारे काका असतील, लग्नाची गाणी येणारी आजी, धवलेरी असेल. त्यांना विचारून, त्यांची मर्जी असेल तर रेकॉर्ड करा. नाचाच्या गर्दीत नको, एखाद्या निवांत दुपारी, झाडाखाली. रेकॉर्डर अ‍ॅपमध्ये वेव्ह फॉर्मॅट निवडा, ४८ किलोहर्ट्झ, आणि आवाज आपोआप वरखाली करणारं सेटिंग बंद करा. फोन पाच-सहा फुटांवर, कर्ण्याच्या थेट तोंडासमोर नको, जरा बाजूला. आधी अर्धा मिनिट जोरात वाजवून घ्या आणि पातळीची पट्टी लाल होत नाही ना ते बघा. १६ बिट स्टिरिओमध्ये एका तासाला सुमारे ६९० एमबी लागतात, तेवढी जागा मोकळी ठेवा.

शेवटी त्यांच्याच आवाजात त्यांचं नाव, गाव, वाद्य कुणी बनवलं, हा चाल कधी वाजवतात, आणि तारीख बोलवून घ्या. फाइल व्हॉट्सअ‍ॅपने पाठवायची असेल तर व्हॉइस नोट म्हणून नको, 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. व्हॉइस नोट बोलणं कळावं एवढ्यासाठी बनवलेली आहे, डॉक्युमेंटमधली फाइल जशीच्या तशी जाते. दोन ठिकाणी ठेवा, एक फोनबाहेर. आणि एक प्रत वाजवणाऱ्यांच्या घरी द्या, ती त्यांची आहे. त्यांनी नाही सांगितलेलं कुठेही टाकू नका.

मग ते रेकॉर्डिंग तुमच्या तीन हजारांच्या डोंगलवर ऐका. दोन्ही नळ्या वेगळ्या ऐकू येतील, मधली फुंकर येईल, भोपळ्याचा घुमारा येईल. तेव्हा कळेल की डॅक पुरेसा होता, ऐकण्यासारखं आत काही असायला हवं होतं.

तुमच्या हेडफोनचे ओहम आणि डेसिबल मेसेजमध्ये लिहून पाठवा, पुढच्या भागात हिशोब करून सांगतो. आवाज दोन घरं खाली ठेवा. भेटू!